उलट बोलणारा श्रोता

आमच्या लहानपणी घरात कोणाला ताप आला की आजी कपाटातून एक लहानशी बाटली काढीत असे. त्या सुगंधी पाण्यात रुमालाची घडी भिजवून कपाळावर ठेवली की तापलेले डोके थंड होई. त्या पाण्याला आम्ही नुसते ‘कोलोन’ म्हणत असू. कोलोन हे ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले जर्मनीतील एक मोठे शहर आहे आणि तेथे १७०९ सालापासून फारिना नावाच्या इटालियन घराण्याची अत्तराची पेढी आहे, हे आम्हांला शिक्षक झाल्यावर कळले.

काही वर्षांपूर्वी जुलैच्या सुट्टीत त्या शहरी जाण्याचा योग आला. आमची एक जुनी विद्यार्थिनी लग्नानंतर तेथे स्थायिक झाली आहे. तिच्या आग्रहावरून आम्ही गेलो. १८८० साली पुरे झालेले, १५७ मीटर उंच मनोऱ्यांचे ते प्रसिद्ध कॅथेड्रल पाहिले, ऱ्हाईनवरचा रेल्वेपूल पायी ओलांडला. पण आज लिहायचे आहे ते त्याविषयी नव्हे. लिहायचे आहे ते तिच्या स्वयंपाकघरातल्या रेडिओविषयी.

दुपारी ती भाजी चिरायला बसली की शेजारी रेडिओ चालू असे. त्यावर गाणी नसत. एक निवेदक बोले, त्याच्यासोबत विषयाचा एखादा जाणकार असे आणि मग एकामागून एक माणसे दूरध्वनीवरून बोलत. आम्हांला जर्मनचे अक्षरही येत नाही. म्हणून ती अर्धे मराठीत, अर्धे आपल्या क्रिओलमध्ये सांगत जाई. “गुरुजी, हा बघा, सोलिंगेनचा म्हातारा रागावलाय. म्हणतो, गाडी रोज उशिरा येते आणि मंत्री मोटारीतून फिरतात. आता ही बाई त्याला म्हणते, तुमचं चुकतंय, माझा नवरा गाडी चालवतो, त्याची बाजू ऐका.”

आम्ही विचारले, “हे लोक एवढे उलट बोलतात, ते कोणी ऐकून घेते?”

ती हसली. “गुरुजी, त्याचसाठी तर तो कार्यक्रम आहे.”

वाचकहो, आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ वर्गात उभे आहोत. ‘उलट बोलू नकोस’ हे वाक्य आम्ही किती वेळा उच्चारले असेल, त्याची गणती नाही. आणि येथे एक अख्खा प्रांत भर दुपारी उलट बोलत होता, आणि त्याची सोय सरकारी कृपेने नव्हे तर कायद्याने केलेली होती. ती कशी झाली, हे समजून घ्यावेसे वाटले.

एका तोंडाचा रेडिओ

ज्या संस्थेचा तो कार्यक्रम, तिचे नाव वेस्टडॉयचर रुंडफुंक, म्हणजे पश्चिम जर्मन नभोवाणी. थोडक्यात डब्ल्यू.डी.आर. तिचे जुने नभोवाणीगृह कॅथेड्रलपासून दोन मिनिटांवर, वालराफप्लाट्झ या चौकात आहे. जर्मनीत नभोवाणी हा प्रांतांचा विषय आहे, दिल्ली किंवा पोर्ट लुईसप्रमाणे राजधानीचा नव्हे. डब्ल्यू.डी.आर. ही नॉर्थ ऱ्हाईन-वेस्टफालिया या सुमारे पावणेदोन कोटी लोकवस्तीच्या प्रांताची संस्था आहे. तिच्या पाचव्या वाहिनीवर आम्ही ऐकला तो ‘टागेसगेश्प्रेख’, म्हणजे ‘आजची चर्चा’, हा कार्यक्रम असे. दिवसाचा एकच विषय, आणि त्यावर फोन करील त्याने बोलावे.

पण याच देशात एके काळी रेडिओला एकच तोंड होते. १९३३ साली हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी ‘फोल्क्सएम्फेंगर’ हा जनतेचा स्वस्त रेडिओ ७६ मार्कांना बाजारात आला. त्याचे नाव व्ही.ई. ३०१ ठेवले होते, कारण हिटलर ३० जानेवारीला, म्हणजे पहिल्या महिन्याच्या तिसाव्या दिवशी, चॅन्सेलर झाला होता. घराघरात एक आवाज पोहोचला. १ सप्टेंबर १९३९ पासून परदेशी केंद्र ऐकणे हाच गुन्हा ठरला आणि त्यासाठी माणसे तुरुंगात गेली. ऐकायचे काय, हे ठरलेले. उत्तर देण्याची तर सोयच नाही.

गंमत अशी की त्याच्या आदल्या वर्षी, १९३२ साली, बर्टोल्ट ब्रेख्त या जर्मन नाटककाराने रेडिओविषयी एक साधी गोष्ट मांडली होती. रेडिओ नुसता वाटप करतो, त्याने घेतलेही पाहिजे. श्रोत्याला ऐकवावे तसे श्रोत्याला बोलूही द्यावे. तेव्हा ती कोणी मनावर घेतली नाही.

महायुद्धात कोलोन बेचिराख झाले. ३० मे १९४२ च्या एका रात्रीत सुमारे हजार विमाने या एका शहरावर आली होती. युद्धानंतर हा भाग ब्रिटिशांच्या ताब्यात होता. त्यांनी बी.बी.सी.च्या धर्तीवर येथे नवी नभोवाणी उभारली, ती अशी की कोणत्याही सरकारला पुन्हा तिचा गळा धरता येऊ नये. तिच्यातूनच वेगळी होऊन १ जानेवारी १९५६ पासून डब्ल्यू.डी.आर. स्वतंत्रपणे बोलू लागली.

मोह मात्र सर्वांनाच होतो. कोनराड आडेनाउअर हे पूर्वी याच कोलोनचे महापौर होते आणि नाझींनी त्यांना पदावरून काढले होते. चॅन्सेलर झाल्यावर त्यांनाही केंद्र सरकारच्या हातातली एक दूरचित्रवाणी असावी असे वाटू लागले. २८ फेब्रुवारी १९६१ रोजी तेथील घटना न्यायालयाने ती योजना रद्द केली. नभोवाणी सरकारचीही नव्हे आणि एखाद्या गटाचीही नव्हे, समाजातील सर्व प्रवाहांना तिच्यात जागा हवी, असा तो निकाल होता. म्हणून या संस्थांवर देखरेख करणाऱ्या परिषदेत चर्च, कामगार संघटना, पक्ष अशा नाना गटांचे प्रतिनिधी बसतात. पैसा लोकांच्या वर्गणीतून येतो. २०२१ पासून दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो द्यावे लागतात. आमची विद्यार्थिनी म्हणाली, “पैसे देताना सगळे कुरकुरतात, गुरुजी. पण पैसे देतात म्हणूनच फोन करून भांडतात.”

चौकात आलेली गाडी

परंतु कायदा झाला म्हणून लोक बोलू लागत नाहीत. त्यांच्यापर्यंत जावे लागते. डिसेंबर १९७४ मध्ये डब्ल्यू.डी.आर.च्या दुसऱ्या वाहिनीवर ‘हालो यू-वागेन’ नावाचा कार्यक्रम सुरू झाला. यू-वागेन म्हणजे बाहेरून ध्वनिक्षेपण करणारी गाडी. ‘काय हो गाडी, कशी आहेस?’ असे ते नाव. कार्मेन थॉमस या तरुण निवेदिकेने तो सुरू केला आणि वीस वर्षे, १९९४ पर्यंत, चालवला. आदल्याच वर्षी दूरचित्रवाणीवर क्रीडा कार्यक्रम सादर करताना ‘शाल्क ०४’ या फुटबॉल संघाला चुकून ‘शाल्क ०५’ म्हटल्याबद्दल पुऱ्या देशाने या बाईंची थट्टा केली होती. त्या काळी बाईने खेळावर बोलणे हेच अनेकांना खुपत होते.

दर गुरुवारी ही गाडी प्रांतातल्या कुठल्या तरी गावी, विषयाला साजेशा जागी जाऊन उभी राही. विषय श्रोते सुचवीत. तज्ज्ञ आणि रस्त्याने जाणारा माणूस एकाच मायक्रोफोनपुढे येत, आणि सारे थेट प्रक्षेपित होई. नुसते राजकारणच नव्हे, तर घरात ज्यावर कोणी बोलत नाही असे विषयही त्यात आले. मृत्यू आणि प्रेताला हात लावण्याची भीती, हा एक. दुसरा विषय स्वमूत्राचा! त्यावरून बाईंनी १९९३ साली लिहिलेले पुस्तक जर्मनीत प्रचंड खपले. आपल्या मोरारजीभाईंची त्यासाठी किती चेष्टा झाली, हे जुन्या वाचकांना आठवत असेल. कार्यक्रम पुढे इतरांनी चालवला आणि २०१० च्या अखेरीस तो बंद झाला. पण लोकांना ऐकवण्याऐवजी लोकांना बोलू द्यायचे, ही रीत त्याने त्या प्रांतात रुजवली.

उलट बोलणे म्हणजे वाटेल ते बोलणे मात्र नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. आपल्यापासून समुद्रापलीकडच्या आफ्रिकेतच रवांडा देशात १९९३ साली एक खाजगी रेडिओ सुरू झाला. तोही मोठा गप्पिष्ट, लोकांचा लाडका, गाणी लावणारा, लोकांना बोलावणारा. १९९४ च्या हत्याकांडात त्याच रेडिओने शेजाऱ्यांना झुरळे म्हणून हिणवले आणि कोणाला मारायचे ते सांगितले. त्याच्या एका संस्थापकाला २००३ साली आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने दोषी ठरवले. तेव्हा मायक्रोफोन खुला केला की झाले, असे नाही. सोलिंगेनच्या म्हाताऱ्याला त्या बाईने तिथल्या तिथे उत्तर दिले आणि निवेदकाने दोघांनाही बोलू दिले, ही खरी शिस्त आहे. वर्ग चालवणाऱ्याला तिची किंमत समजते.

ज्यांचे कोणी ऐकले नाही

आता याच शहराची दुसरी बाजू. ती आम्हां परदेशस्थ घराण्यांतील माणसांना जास्त जवळची आहे.

१९६१ साली जर्मनीने तुर्कस्तानशी कामगार आणण्याचा करार केला. कोलोनच्या फोर्ड मोटार कारखान्यात हजारो तुर्क येऊन लागले. करारावर आले, पुढे राहिले. ही कथा आपल्याला नवी नाही. १० सप्टेंबर १९६४ रोजी कोलोन-डॉयट्झ स्थानकावर दहा लाखावा पाहुणा कामगार म्हणून एका पोर्तुगीज सुताराचे बँड लावून स्वागत झाले आणि त्याला एक मोपेड भेट मिळाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला डब्ल्यू.डी.आर.ने तुर्की भाषेतला कार्यक्रम सुरू केला. तुर्क लोक त्याला ‘क्योल्न रादयोसु’, म्हणजे कोलोन रेडिओ, म्हणू लागले. दिवसभर यंत्रापुढे राबून आलेला माणूस संध्याकाळी आपल्या भाषेत गावाकडची बातमी ऐके, पगाराचे नि भाड्याचे नियम समजून घेई. या लोकांनी पूर्वेकडील कम्युनिस्ट केंद्रांचे तुर्की कार्यक्रम ऐकू नयेत, हाही त्यामागे एक हेतू होता. हेतू काही असो, सोय मोठी झाली.

१९६४ हे वर्ष मोठे लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी १५ ऑगस्टला डॉयचे वेले या संस्थेने कोलोनहून हिंदी कार्यक्रम सुरू केला, आणि त्याच वर्षी आपल्या बेटावर मॉरिशस ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनची स्थापना झाली.

परंतु आपल्या भाषेत ऐकायला मिळणे वेगळे आणि आपले म्हणणे ऐकले जाणे वेगळे. ऑगस्ट १९७३ मध्ये सुट्टीवरून उशिरा परतलेल्या सुमारे तीनशे तुर्क कामगारांना फोर्डने कामावरून काढले, तेव्हा बाकीचे संपावर गेले. जर्मन कामगारांपैकी फार थोडे त्यांच्याबरोबर राहिले आणि आठवड्याभरात संप मोडला.

त्याहून वाईट गोष्ट पुढे घडली. शहराच्या म्युल्हाइम भागात कॉयपश्ट्रासे नावाची गल्ली आहे. तुर्की न्हावी, मिठाईवाले, सराफ यांची दुकाने तेथे ओळीने आहेत. विद्यार्थिनीने आम्हांला तेथे मुद्दाम नेले. ९ जून २००४ रोजी तेथल्या एका न्हाव्याच्या दुकानापुढे सायकलवर ठेवलेला, खिळ्यांनी भरलेला बॉम्ब फुटला. २२ माणसे जखमी झाली. गल्लीतले लोक म्हणत होते की हे परदेशी लोकांचा द्वेष करणाऱ्यांचे काम असणार. दुसऱ्याच दिवशी केंद्रीय गृहमंत्री ओटो शिली यांनी, हा प्रकार गुन्हेगारी टोळ्यांचा दिसतो, दहशतवादाचा नव्हे, अशा अर्थाचे निवेदन केले. मग पोलिसांनी जखमींचीच चौकशी आरंभली. त्यांचे देणेघेणे, त्यांची भांडणे, त्यांचे नातेवाईक तपासले. सात वर्षे हे चालले. नोव्हेंबर २०११ मध्ये उघड झाले की बॉम्ब नव-नाझींच्या एका टोळीनेच ठेवला होता. गल्ली पहिल्या दिवसापासून खरे बोलत होती.

त्या गल्लीत आम्ही चहा घेतला. दुकानदार आपसांत तुर्कीत बोलत होते, त्यांची मुले जर्मनमध्ये. शहरात तुर्की रेडिओ चाळीस वर्षे चालू होता आणि दुपारचा उलट बोलणारा रेडिओही होता. तरी एका गल्लीचे म्हणणे सात वर्षे कोणाच्या कानी शिरले नाही. तेव्हा पटले की बोलण्याची सोय ही अर्धीच गोष्ट आहे. समोरच्याला उत्तर देणे भाग पडावे, ही दुसरी अर्धी. ती नसली की पहिली नुसती वाफ दवडणे होते.

पुण्याच्या खेड्यांतला धडा

हे सारे वाचून कोणी म्हणेल की ही युरोपातली थेरे, आपल्याला त्याचे काय? परंतु ‘हालो यू-वागेन’च्या अठरा वर्षे आधी हा प्रयोग मराठी मुलखात आणि मराठी भाषेत झालेला आहे.

१९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील १५० खेड्यांत रेडिओ शेतकरी मंडळे काढली. एकेका मंडळात साधारण बारा ते वीस गावकरी. आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी जमून ऐकायचे, ऐकून झाल्यावर आपसांत चर्चा करायची आणि आपले प्रश्न नि आक्षेप पुण्याला कळवायचे. केंद्राने पुढच्या कार्यक्रमांत त्यांची उत्तरे द्यायची. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने याचा अभ्यास केला. मंडळे असलेल्या गावांत लोकांचे ज्ञान लक्षणीय वाढलेले दिसले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही मंडळे गावाच्या कामांचे निर्णय घेऊ लागली.

हा अभ्यास ज्यांनी केला ते समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराट मूळचे व्हिएन्नाचे. १९३८-३९ मध्ये नाझींनी त्यांना दाखाऊ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत डांबले होते. सुटून ते अमेरिकेस गेले. ज्या राजवटीचा रेडिओ एका तोंडाचा होता, तिच्या तावडीतून वाचलेला माणूस सतरा वर्षांनी मराठी खेड्यांतली माणसे रेडिओला काय उत्तर देतात हे मोजत होता. पुढे १९५९ पासून ही मंडळे भारतभर पसरली आणि कालांतराने मागे पडली. आज भारतातील खाजगी एफ.एम. केंद्रांना स्वतःच्या बातम्या देण्याची मुभाही नाही. ज्या भाषेने १९५६ साली रेडिओला प्रश्न विचारले, तिच्या वाट्याला त्या केंद्रांवर आता गाणी आणि विनोद राहिले आहेत.

आपल्या बेटावर

आता घरचे. २००२ पासून आपल्याकडे खाजगी रेडिओ आले आणि त्यांच्याबरोबर फोनवरून तक्रार सांगण्याची सवय आली. रेडिओ प्लसवरचा ‘एक्सप्लिक ऊ का’ ऐकला नाही असे घर विरळा. कोणाच्या नळाला पाणी नाही, कोणाचे निवृत्तिवेतन अडले, असे लोक बोलतात आणि अधिकाऱ्याला फोनवर येऊन उत्तर द्यावे लागते. चांगलेच आहे. ते सारे क्रिओलमध्ये होते, तेही योग्यच आहे. क्रिओल सर्वांची आहे.

मराठी मात्र आम्ही कशासाठी राखून ठेवली आहे? आरतीसाठी, अभंगासाठी, गणेश चतुर्थीच्या शुभेच्छांसाठी आणि परीक्षेसाठी. मराठी कार्यक्रम लावला तर बहुधा गाणे ऐकू येते, क्वचित भाषण. कोणी भांडताना ऐकू येत नाही.

कोलोनहून परतल्यावर आम्ही वर्गात एक प्रयोग केला. ‘माझा आवडता सण’ यावर मुले घडाघडा बोलली. मग आम्ही म्हणालो, “तुमच्या घरी दोन दिवस नळाला पाणी आले नाही. तुम्ही रेडिओवर फोन केला आहे. मी अधिकारी. बोला.” वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. पहिले वाक्य मराठीत म्हणाली, दुसऱ्या वाक्याला राग आला तशी क्रिओलमध्ये गेली. आम्ही तिला अडवले नाही. तिचा दोष नव्हताच. तिला मराठीत नमस्कार करायला आम्ही शिकवले होते, पाणी मागायला शिकवले नव्हते. वीस वर्षे ‘उलट बोलू नकोस’ म्हणण्याचे ते फळ होते.

जी भाषा फक्त देवघरात राहते तिला मुले नमस्कार करतात आणि दार ओढून घेतात. तिच्यात रागावता आले, हिशेब मागता आला, समोरच्याला ‘तुमचे चुकते’ असे नीट म्हणता आले, तरच ती ओसरीवर, बाजारात, बसमध्ये येते.

म्हणून आम्ही आता दर शुक्रवारी शेवटची पंधरा मिनिटे त्यासाठी ठेवली आहेत. विषय मुलांनी सुचवायचा, जसा त्या गाडीचा विषय श्रोते सुचवीत. एकाने तक्रार मांडायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचे, तिसऱ्याने दोघांना बोलू द्यायचे. शब्द अडला तर क्रिओलचा घ्यावा, वाक्य मात्र मराठीत पुरे करावे. मंडळांच्या चालकांना आणि आपले कार्यक्रम बसवणाऱ्या मित्रांनाही आमचे हेच सांगणे आहे. दहा गाण्यांतले एक गाणे कमी करा आणि ती पाच मिनिटे एका फोनला द्या. पहिले काही आठवडे कोणी फोन करणार नाही. तरी जागा रिकामी ठेवा.

येत्या शुक्रवारचा विषय मुलांनी ठरवला आहे: गुरुजी गृहपाठ फार देतात. उत्तर द्यायला आम्हांलाच उभे राहायचे आहे.